दळवीकाका, पंखा उलटा फिरत होता

काका, त्या सकाळी डोंबिवलीच्या तुमच्या दोन खोल्यांत पन्नासएक माणसं होती आणि एकही खिडकी उघडी नव्हती. तुमच्या पायाशी बायका बसल्या होत्या, दाराशी आपल्या कंपनीतले फिटर दाटीने उभे होते आणि मागून कोणीतरी सारखं खोकत होतं. मी उठले, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मग समोर येऊन बाहेरच्या खोलीची उघडली. वारा आरपार आला आणि तुमच्या उशाशी लावलेला दिवा फडफडला.

"अहो बाई, काय करताय? दिवा जाईल!" तुमचे मेव्हणे ओरडले.

काकूंनी रडता रडता मान वर केली. "राहू दे उघडी. ह्यांनी आधी खिडकीच उघडली असती, मग दिव्याचं बघितलं असतं."

कोणीतरी दिव्यापुढे पुठ्ठा आडवा धरला. मला हसू आलं, काका. तुम्ही समोर आडवे पडलेले आणि मला हसू आलं. मग ते हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं, ते मला कळलं नाही.

तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, कुठे कुठे केलीत, हे कंपनीने वागळे इस्टेटच्या ऑफिसात लावलेल्या फलकावर आहे. ते मी इथे लिहिणार नाही. आपल्या दोघांत एक भांडण राहून गेलं आहे, त्याबद्दल लिहायचं आहे. पंखा उलटा फिरताना सापडला त्या सोमवारपासून तीन वर्षं मी तुम्हाला एकच वाक्य ऐकवत आले : "तुम्ही मला दहा मिनिटं दिली असती तर मी स्वतःहून सांगितलं असतं." तुम्ही दर वेळी "हं" म्हणायचात. त्या "हं"चा मला फार राग यायचा. आता तो ऐकायला मिळणार नाही, म्हणून मी माझं वाक्य एकदा नीट तपासून बघते आहे.

मी करमाळ्याहून ठाण्याला आले तेव्हा आमच्या घरात कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. माझे बाबा बाजार समितीत हमाल. मी इंजिनीअर झाले म्हणजे नेमकं काय झाले, हे त्यांना सांगता येत नव्हतं. खरं तर मलाही येत नव्हतं. वर्तकनगरला एका आजींकडे खोली घेतली आणि पहिल्या दिवशी वागळे इस्टेटच्या ऑफिसात गेले. तिथे मी 'डक्ट' हा शब्द असा काही उच्चारला की दोन मुलं तोंडावर हात धरून हसली. तुम्ही कोपऱ्यात टेबलावर फिल्टरची यादी करत बसला होतात. चष्म्यावरून बघत तुम्ही त्यांना म्हणालात, "हसा, हसा. तिला डक्टमध्ये शिरता येतं का ते मी बघतो. तुम्हाला तर येत नाही. पोटं बघा स्वतःची."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच मला डक्टमध्ये, हवा नेणाऱ्या त्या पत्र्याच्या बोगद्यात, शिरवलंत.

विमानतळाच्या एसीचं काम आपल्या कंपनीकडे होतं; कंपनीची गाडी आपल्याला माजिवड्याच्या पुलाखालून घ्यायची आणि विमानतळावर सोडायची. मी तोवर विमान फक्त आभाळात पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही आधी मला विमानं दाखवाल. तुम्ही मला परदेशातून येणाऱ्या लोकांच्या रांगेपाशी उभं केलंत आणि म्हणालात, "वर बघ." वर छत होतं, छताला जाळ्या होत्या.

"ही माणसं बघ. कोण कुठून आलंय. आठ-आठ तास बंद डब्यात बसून आलीत आणि आता इथे तासभर रांगेत एकमेकांच्या मानेवर श्वास सोडतायत. तो श्वास जातो कुठे?"

"वरच्या जाळीत," मी म्हणाले.

"आणि तिथून?"

"मशीनमध्ये. मग गार होऊन परत."

"परत कोणाकडे?"

मी रांगेकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "परत यांच्याकडेच. मधे आपण आहोत, इंजिनीअरबाई. एक फिल्टर, एक बाहेरच्या हवेची झडप आणि आपण. बाकी कोणी नाही."

तेव्हापासून मी तुमच्यासाठी इंजिनीअरबाई झाले. तुम्ही स्वतः आयटीआयवाले. हा शब्द तुम्ही चिडवायला वापरता की मानाने, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दिवसावर अवलंबून असावं.

तुमचं शिकवणं पुस्तकासारखं नव्हतं. फिल्टर बसवला की तुम्ही त्याच्या चारी कडांवरून तळवा फिरवायचात. "हवा आळशी असते. फिल्टरमधून जायला तिला कष्ट पडतात. कडेला बोटभर फट दिसली की सगळी तिकडूनच निघते. महागातला फिल्टर मग नुसता शोभेला." उन्हाळ्यात प्रवासी उकडतंय म्हणून तक्रार करायचे आणि शिफ्टचे अधिकारी बाहेरच्या हवेची झडप बंद करायला सांगायचे. बाहेरची हवा तापलेली, ती गार करायला वीज फार लागते. कोविडच्या दोन वर्षांत हीच झडप उघडी ठेवा म्हणून रोज निरोप यायचे. नंतर मास्क गेले, निरोपही गेले. तुम्ही मात्र शिडी लावून वर चढायचात आणि झडप उघडून यायचात.

"दळवी, हॉल थंड झाला पाहिजे," अधिकारी खालून ओरडायचे.

"थंड करतो की साहेब. पण थंड म्हणजे ताजी नव्हे. फ्रिजमधला कालचा भातही थंडच असतो."

एकदा माझे आईबाबा ठाण्याला आले होते. तुम्ही त्यांना जेवायला डोंबिवलीला बोलावलंत. बाबांनी जरा भीत भीत विचारलं, "पोरगी विमानाचं काय करती नक्की?" मी कानकोंडी झाले. तुम्ही भात कालवत म्हणालात, "विमानात बसायच्या आधी आणि उतरल्यावर माणसं जो श्वास घेतात ना, तो ही बघते." बाबा जेवायचे थांबले. नंतर करमाळ्याला त्यांनी हे वाक्य बाजार समितीत किती जणांना सांगितलं असेल, कोण जाणे. माझ्या पदवीचा अर्थ माझ्या वडिलांना तुम्ही सांगितलात, काका. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी नुसती पापड तळायला काकूंच्या मदतीला गेले.

आता त्या खोलीबद्दल.

आलेल्या प्रवाशांच्या हॉलमध्ये आरोग्य तपासणीचं टेबल होतं आणि त्याच्या मागे एक छोटी खोली. ताप आहे, अंगावर पुरळ आहे, खूप खोकला आहे असा कोणी प्रवासी उतरला की रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला तिथे बसवायचं. त्या खोलीची हवा बाहेर येऊ नये म्हणून छतावर एक पंखा बसवलेला होता. तो खोलीतली हवा ओढून फिल्टरमधून वर सोडणार, म्हणजे दाराखालच्या फटीतून हवा कायम आत जाणार, बाहेर कधीच येणार नाही. दारासमोर बाक होता. व्हीलचेअर ढकलणारे, सफाईवाल्या बायका, कधी थकलेले प्रवासीही त्या बाकावर बसायचे. बसणारच. आत काय आहे हे त्यांना कुठे माहीत होतं?

भिंतीवर एक काटा होता, हवा आत ओढली जाते की नाही ते दाखवणारा. तुम्ही त्याच्याकडे बघायचातही नाही. काकू देवासाठी वाती वळायच्या, त्यातला चिमूटभर कापूस तुम्ही पाकिटात ठेवायचात. दर सोमवारी दाराशी उकिडवे बसायचात, कापसाची केसाएवढी बारीक तार ओढायचात आणि फटीपाशी धरायचात. तार आत वाकली की तुम्ही उठायचात. सुरक्षेचा जवान एकदा म्हणाला होता, "काका, इसकी भी पूजा करते हो क्या?" तुम्ही म्हणालात, "हां, इसकी तो रोज करनी चाहिए."

त्या शनिवारी छतावरच्या पंख्याची मोटर जळाली. आपल्या वर्कशॉपशेजारच्या गाळ्यातून ती नवी तार गुंडाळून, भरून आणली आणि बसवून घ्यायला मला पाठवलं. फिटरने मोटर जोडली, पट्टा चढवला, वरचं झाकण लावलं. मी बटण दाबलं, पंखा सुरू झाला. मी बाहेरच्या तोंडाशी हात धरला. हवा लागत होती. "येतेय हवा," मी म्हणाले आणि कार्डावर सही केली.

मोटरच्या तीन वायरींपैकी दोन अदलाबदल झाल्या तर ती उलटी फिरते. आपल्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून तर चाक कुठल्या दिशेने फिरायला हवं ते दाखवणारा बाण डब्यावर काढलेला असतो. पण तो पंखा शंखासारख्या डब्यातला. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त फार थोडी. हाताला लागते आणि माणूस फसतो; खोलीत येणारी एसीची हवा मात्र मग दाराखालून बाहेर पडते. झाकण उघडून बाणाकडे बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. मला गाडी गाठायची होती.

सोमवारी सकाळी तुम्ही दाराशी बसलात. मी मागे उभी होते, कार्डं हातात घेऊन. कापसाची तार आत वाकली नाही. ती सरळ लोंबत राहिली आणि मग हळूच तुमच्याकडे, बाहेरच्या बाजूला आली.

तुम्ही पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"शनिवारी सही कोणाची?"

"माझी."

तुम्ही उठलात आणि टेबलावरच्या सिस्टरना विचारलंत, "काल या खोलीत कोण होतं?" त्यांनी रजिस्टर उघडलं. दोन भाऊ. लहान मुलं. ताप आणि अंगभर पुरळ. दुपारभर आत होते. गोवराचा संशय म्हणून त्यांना हॉस्पिटलात नेलं.

गोवर हवेतून पसरतो, आणि मूल खोलीतून गेल्यावरही तासदोन तास त्या हवेत राहतो. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. भिंतीवरचा काटा त्या वेळीही सगळं ठीक आहे असं दाखवत होता. त्याची नळी धुळीने कधीच बुजली होती.

तुमचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. मी म्हणाले, "काका, थांबा. दहा मिनिटं द्या. मी आधी वर जाऊन बघते."

"तू बघ. मी डॉक्टरांना फोन करतो."

मी जिना धावत चढले. झाकण काढलं. बाण एकीकडे, चाक दुसरीकडे. मी स्विच बंद केला, दोन वायरी काढून बदलल्या, चालू केला. आता पंख्याचा आवाजच वेगळा आला. झाकण लावून मी खाली आले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. खांद्यावरचं फडकं माझ्याकडे टाकलंत. "हात पूस. साहेब येतायत."

मी पुसले.

विमानतळाचे इंजिनीअर साहेब आणि डॉक्टर एकदमच आले. साहेबांनी तुम्हाला कापूस धरायला लावला. तार झर्रकन आत वाकली. साहेब हसले. "काय दळवी! कापसावर चालवायचं का एअरपोर्ट? बघा, मस्त ओढतोय. वय झालं तुमचं."

डॉक्टर अडचणीत पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दळवी, मला नक्की सांगा. खोली नीट चालत असेल तर काही करायची गरज नाही. नसेल, तर काल या बाकावर बसलेल्या एकेका माणसाला शोधून निरोप द्यावा लागेल, आणि आजच द्यावा लागेल."

"मगाशी हवा बाहेर येत होती," तुम्ही म्हणालात.

"आता येत नाहीये," साहेब म्हणाले. "मगाशीची काय खात्री?"

"माझं म्हणणं लिहून घ्या. दळवी असं म्हणतो, एवढं तरी लिहा."

"तुमच्या म्हणण्यावर चाळीस माणसांना घाबरवू? चष्मा बदला आधी."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. हे मला आजही दिसतं. तुम्ही दाराच्या फटीकडे बघत राहिलात. "ही आत्ताच वरून आली, हिला विचारा," एवढं म्हटलं असतंत तर विषय संपला असता. तुम्ही म्हणाला नाहीत.

"उलटा फिरत होता," मी म्हणाले. "मी आत्ता वायरी बदलून आले. शनिवारची सही माझी आहे."

डॉक्टरांनी तिथल्या तिथे यादी करायला घेतली.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. मला विमानतळावरून काढून वर्कशॉपमध्ये टाकलं. वर्षाहून जास्त मी वागळे इस्टेटच्या त्या शेडमध्ये गमबूट घालून फिल्टर धूत होते. गावाकडे फोनवर सांगायचे, बढती झाली आहे, म्हणून ऑफिसात असते. तुम्ही दर शनिवारी यायचात. मी बोलायचे नाही. तुम्ही धुतलेल्या ढिगातला एक फिल्टर उचलायचात, उजेडासमोर धरायचात आणि काही न बोलता 'परत धुवायच्या' ढिगात टाकून निघून जायचात. मला वाटायचं, पाण्याचा पाइप तुमच्यावरच सोडावा. हे मी तुम्हाला नंतर सांगितलंही होतं. "मग सोडायचा की," तुम्ही म्हणालात, "तसंही उकडत होतं."

शेडमध्ये मला दीडेक महिना झाला असेल, तेव्हा एका रविवारी तुम्ही मला कल्याणला घेऊन गेलात. कुठे जायचं ते सांगितलं नाहीत. काकूंनी डब्यात दिलेल्या नारळाच्या वड्या तुमच्या हातात होत्या. पूर्वेला एका चाळीत, पहिल्या मजल्यावर, संतोष राहायचा. व्हीलचेअर ढकलणारा संतोष. ती दोन मुलं खोलीत होती त्या रविवारी तो त्या बाकावर दोन तास बसला होता. यादीतल्या माणसांपैकी त्याला एकट्याला गोवर झाला. पण निरोप मिळाल्या दिवशीच तो घर सोडून मित्राच्या रिकाम्या खोलीत राहायला गेला होता, कारण घरात त्याची पाच महिन्यांची मुलगी होती. इतक्या लहान बाळाला गोवराची लस अजून टोचलेली नसते. संतोष तापाने फणफणला तो तिकडे, बाळापासून लांब. आता तो बरा होऊन घरी आला होता आणि ती मुलगी आईच्या मांडीवर बसून आपली मूठ चोखत होती.

तुम्ही माझी ओळख करून दिलीत. "ही आमची इंजिनीअर. हिने सांगितलं, म्हणून तुम्हाला निरोप आला."

संतोषची बायको उठली. तिने मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि माझा हात धरला. "ताई, तुमचे उपकार आहेत. हिला काही झालं असतं तर..."

तुम्ही खोटं काहीच बोलला नव्हतात. फक्त अर्धंच बोललात. उरलेलं अर्धं माझं होतं. तुम्ही चहाची बशी हातात धरून बसून राहिलात, माझ्याकडे न बघता, जसे त्या दारापाशी उभे होतात तसेच. मी त्या मुलीचं टोपडं नीट केलं. वड्या छान झाल्यात म्हणाले. आणि आपण निघालो.

खाली रस्त्यावर आल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. "मला हे दाखवायला आणलंत? मी काय मुद्दाम केलं होतं? मी दुरुस्त करायला वर गेले होते, लपवायला नाही. तुम्ही दहा मिनिटं दिली असती तर मी स्वतःहून सांगितलं असतं!"

"हं."

"आणि शेवटी कोणाचं काही वाईट झालं नाही ना?"

"झालं नाही म्हणून तुला हे म्हणता येतंय," तुम्ही म्हणालात. मग जरा पुढे गेल्यावर, "भूक लागलीय का? इथे मिसळ बरी मिळते." मी नाही म्हणाले. तुम्ही एकट्याने खाल्लीत, मी समोर पाण्याचा ग्लास घेऊन बसले. किती मूर्ख होते मी. तुमच्यासोबत मिसळ खायची ती एक संधी होती.

मला विमानतळावर परत घ्या म्हणून तुम्ही मालकांशी भांडलात, हे मला काकूंकडून कळलं. "ती आता बाण बघायचं कधी विसरणार नाही. नवीन आणाल, तो विसरेल," असं म्हणालात म्हणे. मी परत आले. तुम्ही निवृत्त झालात. डोंबिवलीला मी अधूनमधून यायचे, आपण झडपांवर आणि साहेबांवर बोलायचो, आणि कधीतरी मी ते वाक्य काढायचेच. दहा मिनिटं. तुमचं "हं" यायचं. काकू म्हणायच्या, "अगं, सोड की आता. हे तर कधीच विसरले." तुम्ही विसरला नव्हतात. मी तर नाहीच.

तुम्ही गेलात त्यानंतर मी त्या सकाळचा हिशोब मांडत बसले आहे, एकेका मिनिटाचा. तुम्ही डॉक्टरांना फोन केलात आणि त्या येईपर्यंत मला मिळाली ती मिनिटं किती होती? दहा तरी होतीच. बारा असतील. मी मागत होते ती सगळी मला मिळाली होती. त्या मिनिटांत मी काय केलं? पंखा सरळ केला आणि हात पुसले. तुम्ही फडकं टाकलंत तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला झाकताय. तुम्ही झाकत नव्हतात. निर्णय माझ्याकडे सोपवून तुम्ही बाजूला झाला होतात. हसले तर तुम्हाला हसतील, खोटे ठरलात तर तुम्ही ठराल, एवढी तयारी ठेवून.

आणि मी तोंड उघडलं ते बाकावरच्या माणसांसाठी नाही, काका. साहेबांनी तुमच्या वयावरून टोमणा मारला, ते मला सहन झालं नाही म्हणून. ते हसले नसते, नुसते "बरं, ठीक आहे" म्हणून निघून गेले असते, तर मी गप्प राहिले असते. संतोषला निरोप गेला नसता. तो रोज रात्री घरी जाऊन मुलीला जवळ घेऊन झोपला असता.

तुमचे दिवस झाल्यावर, परवाच्या रविवारी, मी कल्याणला गेले. एकटी. ती मुलगी आता नर्सरीत जाते, तिने मला तिची पाटी दाखवली. तुम्ही गेल्याचं कळल्यावर संतोष डोळे पुसायला लागला. मग मी त्या दोघांना सांगितलं. पंख्याची सही माझी होती. तो उलटा फिरत होता, तो माझ्यामुळे. आणि कळल्यावर मी जिना चढून वर गेले ती लपवायला गेले होते.

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. ते तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं.

संतोषच्या बायकोने मुलीला हाक मारून स्वतःजवळ ओढून घेतलं. चहा गॅसवर ठेवलेला होता, तो तिने ओतला नाही. मग संतोषने विचारलं, "मागे आला होतात तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हणाले, "धीर झाला नाही."

तो म्हणाला, "काकांना हे ठाऊक होतं?"

"सगळं."

त्याने मान हलवली. मला दारापर्यंत सोडायला तो आला, ती आली नाही. तिचं बरोबर आहे. तिने तीन वर्षं मनात माझे आभार मानले असतील, ते एका दुपारी परत घ्यायचे म्हणजे सोपं नाही.

मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. तुम्ही असता तर हेही तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही "हं" म्हणाला असतात, पण या वेळी मला राग आला नसता. भांडण तुम्ही जिंकलात, काका. जिंकलात तेव्हा समोर मी नव्हते, मी जिना चढत होते. आता उतरून आले आहे, तर तुम्ही नाही.